बाहुलीचा मांडव

सोसायटीच्या वर्धापनदिनाला एक छोटं पुस्तक काढायचंय. त्यात म्हाताऱ्यांनी लिहायचं. विषय दिलाय, ‘आमच्या वेळचं बालपण आजच्यापेक्षा चांगलं होतं का?’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘जुने खेळ, गमती, रानमेवा यांबद्दल लिहावे.’ म्हणजे उत्तर त्यांनीच ठरवून ठेवलंय. आम्ही नुसती त्यात चिंचा-बोरं भरायची.

कमिटीच्या बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बाळकुमचे मूळचे. आपला टॉवर तुमच्याच जागेवर उभा आहे. तुमच्याकडे किती आठवणी असतील." आहेत. पण मी चौथी शिकलेला माणूस, मला गोड लिहिता येत नाही. हा विषय आमच्या हिला द्यायला हवा होता. ही म्हणजे माझी बायको. ती गेल्याला अजून वर्ष व्हायचंय. मी कधी नातवंडांपुढे सुरू झालो, की आमच्या वेळी बघा, खाडीत पोहायचो, चिखलातून निवट्या मासे पकडायचो, पतंगामागे माजिवड्यापर्यंत धावत गेलेलो, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "तू पोरगा व्हतास म्हनून."

एवढंच. पुढे काही नाही. फोडणी टाकायची आणि झाकण ठेवायचं.

तर मी रानमेव्याचं लिहीत नाही. मी धवलारणीचं लिहितो.

नव्या लोकांना धवलारीण म्हणजे काय ते माहीत नसेल. आमच्या आगरी लोकांत लग्न लावायचं ते तिने. लग्नातल्या एकेका कामाचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. मांडव घालायचा धवला वेगळा, देव बसवायचा वेगळा, हळदीचा वेगळा. सगळं उरकल्यावर देव उठवून मांडव उतरवायचा, त्याचाही वेगळा. ती गायली की ते काम झालं. ती गायली नाही, तर नवरा-नवरी नुसतीच सजून बसलेली.

आमच्या गावच्या धवलारणीला नाव असणारच. पण कोणी घेतलेलं मी ऐकलं नाही. उंच बाई, काटकुळी, घट्ट कासोटा, हातात भेंडीच्या लाकडाची काठी. मशेरीने दात काळे, पण सगळे जागेवर. दोन बांधांपलीकडे एकटीच राहायची. लहानपणीच विधवा झालेली. आमच्यात धवलारीण विधवा असली तरी चालते. गावातल्या बाया तिला विचारायच्या, "नवऱ्याचं तोंड तरी आठवतं कं?" ती म्हणायची, "बगितलं असतं तं आठवलं असतं. लग्नात मी झोपलेली व्हती. उठवलं तवा नवरा हाय बोलले, परत उठवलं तवा मेला बोलले." आणि स्वतःच हसायची. बाया हसत नसत.

तिच्या एकेक तऱ्हा होत्या. आमच्या बोलीत बापालाही ‘तू’ आणि देवालाही ‘तू’. अहो-जाहो ठाण्याच्या बाजारात, ऑफिसातल्या साहेबापुढे. पण ही बाई लहान पोरांना ‘तुमी’ म्हणायची. नाक गळणाऱ्या, ढुंगण उघड्या पोराला रस्त्यात थांबवून विचारायची, "तुमी जेवलात कं?" आणि गावच्या पाटलाला म्हणायची, "अरे बाजूला हो, त्यांना जाऊ दे." ‘त्यांना’ म्हणजे मागून गाडा ओढत येणारी आम्ही पोरं. पाटील चिडायचा. चिडून करणार काय, त्याच्याही पोरींची लग्नं व्हायची होती.

कमरेच्या पिशवीत पानाऐवजी सागरगोटे. साठीची बाई, पण कुठेही बसायची आणि पोरींशी सागरगोटे खेळायची. आणि लबाडी करायची. उडवलेला गोटा पडला की पायाखाली ढकलायची. पोरी ओरडायच्या, "तू फसवतेस." ती म्हणायची, "मी कवा खेललेच नाय, मना नियम कुठून येनार?"

लग्नात पहिली पंगत पोरांची. हा तिचाच कायदा. पुरुष पाटावर बसायला गेले की काठी आडवी. एकदा वरपक्षाकडचा एक पुढारी ऐकेना. म्हणाला, मुहूर्त टळतोय, आम्हाला आधी वाढा. ती म्हणाली, "मुहूर्त थांबंल. भूक नाय थांबत." आणि गाणंच बंद केलं. पोरं जेवून हात धुवून आली तेव्हा तिने पुढची ओळ उचलली, जिथे सोडलेली तिथूनच. मीही त्या पंगतीत होतो. त्या दिवशीची वालाची भाजी मला अजून आठवते.

आता एक वाईट सांगतो. चिंचा-बोरांत ते बसत नाही, पण खरं आहे.

माझी मोठी बहीण होती. दहाव्या वर्षी तिचं लग्न झालं. धवला याच बाईने गायलेला, चांगला तीन दिवस, सगळा गाव ऐकत होता. मी मांडवात लाडू खात फिरत होतो. काही वर्षांनी पहिल्याच बाळंतपणात बहीण गेली. बाळही गेलं. धवलारीण आमच्या दारात येऊन बसली ती उन्हं उतरेपर्यंत. पाणीही घेतलं नाही. उठताना आईला म्हणाली, "हिचा धवला मीच गायलेली."

आई म्हणाली, "तुझा काय दोष?"

ती म्हणाली, "गला माझा व्हता."

तेव्हापासून ती अडायला लागली. नवरी लहान असली की सांगायची, घसा बसलाय. लोकांना कळायचं. लोक भडकायचे, शिव्या द्यायचे आणि पलीकडच्या गावची धवलारीण आणायचे. लग्न व्हायचंच. तिच्या हातची कामं गेली, बाकी काही बदललं नाही. लहान पोरींच्या लग्नाविरुद्ध कायदा होता म्हणतात. असेल ठाण्यात. गावात यायला त्याला वाट मिळाली नव्हती.

आमची ही तेव्हा दहा-अकराची. आमच्या घराला लागूनच राहायची. आई लवकर गेलेली, घरात बाप आणि ती. बाप मिठागरात कामाला. सकाळी जायचा, संध्याकाळी अंगावर पांढरी पुटं घेऊन यायचा. मी तिच्याहून थोडा मोठा, शाळा सुटून मीही मिठागरात लागलेलो. खारट पाण्यात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिरा पडायच्या, झोपताना खोबरेल लावायचं. हेही बालपणातच धरा.

वैशाखात गावातली खरी लग्नं सरत आली की पोरांची खोटी लग्नं सुरू व्हायची. हिच्याकडे एक चिंध्यांची बाहुली होती. तिला नवरा पाहिजे होता. दुसरा कोणी पोरगा तयार होईना, म्हणून हिने मला दोन भाजलेल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, कबूल केल्या. मी नारळाच्या सोडणाचा बाहुला केला, त्याला कोळशाची मिशी काढली. म्हणजे मी नवऱ्याचा बाप, ही नवरीची आई. व्याही आणि विहीण. अंगणात चार काठ्या रोवून वर झावळी टाकली, गुडघ्याएवढा मांडव. एका पोराने मस्करी केली, धवलारणीला बोलवा. ही उठली, गेली, आणि खरोखर तिला घेऊन आली.

बाई येऊन उभी राहिली. काठीने मांडव हलवून बघितला.

"काठ्या कसल्या?"

"सापडल्या त्या," ही म्हणाली.

"देव बसवले?"

"नाय."

"तांदूल धुतले? उंबराची फांदी आनली?"

"नाय."

"मंग विहीनबाय, तुमी मना बोलावलंत कशाला? तुमची लेक काय वाटंवर पडलेली हाय?"

आम्हाला वाटलं, आता हसेल. ती हसली नाही. माझ्याकडे वळली. "व्याही, तुमी पांगारा तोडून आना. ओला आना. मांडव ओल्या लाकडाचा."

मी गेलो आणि पांगाऱ्याच्या चार फांद्या तोडून आणल्या. खऱ्या लग्नात तिने दिवसभर जितकं केलं असतं तितकंच इथे केलं, एक काम सोडलं नाही. संध्याकाळी हिचा बाप कामावरून आला तर अंगणात निम्मा गाव बसलेला. धवलारीण त्याला म्हणाली, "हातपाय धू. देव तुला बसवायचंय."

"मी? मावशे, मी बावलीचा आजा झालो काय?"

"झालास. टोपी घाल."

बाप हसत हसत पाटावर बसला. पोरीचं मन राखायला बसला, दुसरं काय. मूठभर तांदूळ ठेवले, त्यावर सुपारी ठेवली, कुळदैवताचं नाव घेतलं, गावदेवीचं घेतलं, मेलेल्या बायकोचंही घेतलं. तिथे त्याचा आवाज जरा हलला. मग धवलारीण गायला लागली. तिचा आवाज गोड नव्हता. घोगरा होता, आणि खालून यायचा, जमिनीतून आल्यासारखा. पदर तोंडाला लावून हसणाऱ्या बाया गप्प झाल्या. एकदोघींनी डोळे पुसले. चिंध्यांची बाहुली आणि सोडणाचा बाहुला, पण आम्ही दोघंही घाबरून ताठ बसलेलो.

तिसऱ्या दिवशी मांडव उतरवायचा होता. पण भिवंडीकडच्या एका लग्नाचं तिला बोलावणं आलं. जाताना अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी येईस्तवर ह्याला कोनी हात लावू नका. देव बसलेत. मीच उठवीन."

तिला पुढचं कुठून कळलेलं होतं का, की ते आपोआप जुळलं, हे मला आजही सांगता येणार नाही. हिलाही माहीत नव्हतं. आम्ही त्यावरून भांडायचो.

कारण ती तिकडे असतानाच हिला स्थळ आलं. कल्याणच्या पुढचं, खाडीपल्याडचं गाव. नवरा चांगला मोठा बाप्या, पहिली बायको वारलेली, दोन लहान पोरं, आई अंथरुणाला खिळलेली. घर खाऊनपिऊन सुखी. माणूसही वाईट नव्हता, हे मुद्दाम लिहितो. हिचा बापही वाईट नव्हता. तो म्हणायचा, "मी दिवसभर आगरात. पोर घरी एकटी. उद्या काय वाकडं-तिकडं झालं तं कोनाकडं बगू? तिकडं चार मानसांत ऱ्हाईल."

ही मला बांधावर भेटली. म्हणाली, "तिकडं बावली नेऊ देतील कं?"

मी म्हणालो, "तिकडं खरी पोरं हायत तुला." मला वाटलं मी तिला धीर देतोय.

 त्या दिवशी तिने मला दुसरी चिंबोरी आणून दिली, राहिलेली होती ती. जायचं तर कबूल केलेलं देऊन जायचं, असं तिच्या मनात असावं.

सुपारी फोडायला पाहुणे आले त्याच दिवशी धवलारीणही परत आली. नवऱ्याचा मामा होता आणि दोघं जण. ओटीवर चहा चाललेला. धवलारीण ओटीवर चढली नाही. अंगणात, त्या गुडघ्याएवढ्या मांडवापाशी जाऊन बसली आणि दाढेखाली मशेरी धरली. ही दाराच्या चौकटीला टेकून उभी. मी कुडावर चढून बघत होतो.

बाप म्हणाला, "मावशे, बरी आलीस. येत्या शुक्कीरवारी मांडव घालायचाय."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? दारात."

"दारात मांडव हाय."

बापाला कळलं नाही. तिने काठीने दाखवला. पाहुणे हसले. बापही हसला. "अगं, तो पोरांचा खेल."

"देव कोनी बसवले?"

"मी, पन..."

"कुलदेवीचं नाव कोनी घेतलं? मेलेल्या बायकोला कोनी बोलावलं?"

"मावशे, मस्करी केलेली मी."

"कोनाशी?" धवलारीण म्हणाली. "देवीशी केलीस, कं बायकोशी?"

ओटीवरचं हसणं थांबलं. आमच्यात एक आहे. एका दारात देव बसलेले असताना दुसरा मांडव घालत नाहीत. पहिला उतरवल्याशिवाय नाहीच. घातला तर त्या लग्नाचं भलं होत नाही, हे लहान पोरालाही माहीत. आणि देव बसवलेले सगळ्या गावाने बघितलेले. दुसऱ्या कोणी बसवले असते तर खेळ म्हणता आलं असतं. पण बसवले होते बापाने आणि गायली होती धवलारीण.

मामा जरा तापट माणूस होता. म्हणाला, "आमी आमची धवलारीन आनू. तुझं काय अडलंय?"

"आन की. चार आन. येतील त्या आधी दार बगतील. इचारतील, ह्यो मांडव कोनाचा. काय सांगशील? बावलीचा? मंग इचारतील, देव कोनी बसवले?"

"मंग उतरव ना आत्ताच. गा आनि उतरव. वेल किती लागतोय?"

"उतरवते की. त्याच्यासाठीच आलेली." बाई काठी टेकून उठली. "पन ज्याचा मांडव त्याला इचारल्याशिवाय उतरवत नसतात. तुज्या गावात इचारत नाय कं?"

मामाला ‘इचारतात’ म्हणावंच लागलं.

मग ती हिच्याकडे वळली. सगळं अंगण वळलं. हिच्या हातात काही नव्हतं, बाहुली घरात होती. दोन्ही हातांनी चौकट धरलेली. धवलारणीने पदर डोक्यावरून नीट घेतला, खऱ्या विहिणीपुढे घेतात तसा, आणि विचारलं, "विहीनबाय, तुमचा खेल संपला कं?"

ही बापाकडे बघायला लागली. बाप खाली बघत होता. मला कुडावरून तिचं फक्त कपाळ दिसत होतं. मला वाटलं ही ‘हो’ म्हणेल. आमच्यात पोरी मोठ्या माणसांपुढे होच म्हणायच्या, माझ्या बहिणीनेही म्हटलेलं.

ही म्हणाली, "नाय."

"कवा संपल?"

"म्हायती नाय."

"झालं," धवलारीण म्हणाली. "विहीनबाय नाय बोलते."

मामा उठला. म्हणाला, पोरीच्या खेळापायी लग्न थांबवायचं, ही कुठली रीत? आणि हिच्या बापाला म्हणाला, "एक लाथ मार त्या काठ्यांना. बाप्या हायस कं नाय?"

लाथ मारायला काही लागत नव्हतं. चार काठ्या आणि एक सुकी झावळी. बाप उठून अंगणात आला. मांडवापाशी उभा राहिला. मी बघत होतो, त्याचा पाय बघत होतो. तो खाली बसला. कलंडलेली एक फांदी त्याने सरळ केली, बुडाशी माती दाबली. आणि तसाच बसून पाहुण्यांना म्हणाला, "देव बसलेत रे. मी काय करू?"

तो रीतीला घाबरला असं गाव म्हणतं. मला वाटतं, त्याला नाही म्हणायला कोणीतरी आडोसा द्यायला हवा होता. तो गुडघ्याएवढा असला तरी त्याला पुरला.

पाहुण्यांचं घर थांबण्यातलं नव्हतं. त्यांनी त्याच महिन्यात दुसरीकडे केलं. ती पोरगी कोण, तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. हिला मात्र शेवटपर्यंत तिची आठवण होती. न बघितलेल्या पोरीची. बालपण चांगलं होतं म्हणणाऱ्यांनी तिला विचारायला पाहिजे.

पावसात त्या चारपैकी एका फांदीला पालवी फुटली. ओल्या पांगाऱ्याचं ते असतंच, पण धवलारीण गावभर सांगत सुटली, "देव रुजले, आता हात लावा बगू." दर वैशाखात ती यायची. वरची झावळी बदलायची, तिन्ही सुक्या काठ्या बदलायची, आणि पदर घेऊन हिला विचारायची, "विहीनबाय, खेल संपला कं?" ही म्हणायची, नाय. मग दोघी बसून सागरगोटे खेळायच्या आणि धवलारीण लबाडी करायची. बापाने पुढे हिला शाळेतून काढली नाही. ही सातवी झाली. आमच्या आळीत सातवी झालेली पहिली पोर. ठाण्याला गेलो की बसची पाटी ही वाचायची आणि मी आपला तिच्या मागे चढायचो.

आणि बाहुली केव्हाच फाटून गेलेली. पण त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. मांडव होता ना.

पुढे माझ्या घरच्यांनी हिला मागणी घातली, तेव्हा गावात गंमत झाली. ती सतरा-अठराची, मी मिठागरातून सुटून वर्तकनगरकडे नव्या चाळींच्या बांधकामावर जात होतो. तर एक म्हातारा अडून बसला. म्हणाला, ही दोघं व्याही-विहीण. धवला गाऊन झालेली. व्याह्या-विहिणीचं लग्न कुठे ऐकलंय? चार जण त्याच्या बाजूनेही झाले. धवलारणीला बोलावलं. ती फार थकलेली, काठीवर सगळा भार. म्हणाली, "त्यांच्या पोरांचा संसार चांगला चाललाय. काय तक्रार आली कं तुज्याकडं? मंग आता आई-बापाचं व्हऊ दे." म्हातारा म्हणाला, हा उलटा कारभार. ती म्हणाली, "आदी लेकीचं, मंग आईचं. बरं हाय, आईला अक्कल आल्यावर झालं."

लग्नाच्या मांडवाच्या दिवशी ती अंगणात आली. पांगारा आता माणसापेक्षा उंच. त्याच्या बाजूला तीन सुक्या काठ्या, वर जुनी झावळी. तिने पदर घेतला. दर वर्षीचंच विचारलं. पण या वेळी तिचा आवाज वेगळा होता, कारण आता ‘हो’ आलं की गाऊन उतरवायचं आणि मोठा मांडव घालायचा, असं सगळ्यांनी धरलेलं. मी माझ्या दारात हळदीचं अंग घेऊन उभा. मी एवढी वर्षं कुठल्या उत्तराची वाट बघत होतो ते मलाच माहीत.

"विहीनबाय, खेल संपला कं?"

ही म्हणाली, "नाय संपला. पन लगीन लाव."

  मला वाटलं, आता झालं, रीत म्हणजे रीत. धवलारीण हिच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. तिला मी खोकल्यासारखं हसताना पाहिलेलं, पण असं नाही. हसता हसता खालीच बसली. म्हणाली, "असं पन असतं कं? मना कोनी सांगितलंच नाय." मग डोळे पुसून बापाला म्हणाली, "अरे, बगतोस काय? दुसरा मांडव चालत नाय, पन ह्योच वाढवला तं कोन अडवतो? बांध ह्याच पांगाऱ्याला."

तसाच बांधला. पांगारा हीच मेढ, म्हणजे मुख्य खांब, धरली आणि तिथून मोठा मांडव ताणला. बाहुलीचा मांडव आमच्या मांडवाच्या पोटात. आम्ही बोहल्यावर उभे राहिलो तर माझ्या पायाला त्या सुक्या काठ्या लागत होत्या. धवलारीण गायली. घसा उरलेला नव्हता, निम्म्या ओळी नुसत्या ओठांत. तिने गायलेलं ते शेवटचं लग्न.

चार दिवसांनी मोठा मांडव सोडला. कोणी गायलं नाही. धवलारीण म्हणाली, "तो नुसता सोडा. उतरवायचा नाय. आतला उभा हाय ना अजून." ती पुढच्या वैशाखाआधी गेली. तिला न्यायला आम्ही मोठे होतोच, पण मागे गावातली सगळी लहान पोरं. कोणी बोलावलं नव्हतं.

हिने तिच्याकडून दोन गोष्टी उचलल्या. एक, सागरगोट्यांतली लबाडी. नातींना रडवायची. आणि दुसरी, आमच्या घरात पहिलं ताट लहानाचं. मी कामावरून कितीही भुकेला आलेलो असो. लाडात आलो की मी तिला विहीणबाई म्हणायचो. चिडलो की जास्त म्हणायचो.

आता कमिटीच्या बाईंना उत्तर. आजच्या पोरांना अंगण नाही, खाडीत पाय घालवत नाही, हे खरं. पाठीवर ओझी आहेत, हातात मोबाईल आहे. मला ते आवडत नाही. पण माझी नात तिशीची आहे, नोकरी करते, लग्नाचं विचारलं की म्हणते, "आजोबा, अजून माझं चाललंय." मी कुरकुरायचो. ही तिच्या पाठीवरून हात फिरवायची. म्हणायची, "कोनी इचारलं तं सांगायचं, नाय संपला." असं माझ्या बहिणीला सांगता आलं नाही. तेव्हा चांगलं होतं की आता, ते तुम्ही तुमचं ठरवा. मला एवढं कळतं की तेव्हा विचारणारी एक होती, आणि ती वेडी गणली जायची.

टॉवर आला तेव्हा पांगारा गेला. त्याच्या जागी गाड्या लागतात. हिने तिथे उभं राहून नुसतं बघितलं. देव मात्र कोणी उठवले नाहीत. उठवणारी केव्हाच गेली आणि ज्यांचा मांडव त्या विहीणबाईंनी शेवटपर्यंत हो म्हटलं नाही.

परवा सून आली. भली आहे पोर. दारात उभी राहून हळूच म्हणाली, "बाबा, आईंची खाट आता काढूया का? तुम्हाला फिरायला जागा होईल."

मी म्हणालो, "विहीणबाईंना विचारल्याशिवाय उतरवत नाहीत."

तिने ही सगळी गोष्ट हिच्या तोंडून ऐकलेली आहे. आत आली, खाटेवरची चादर सरळ केली, उशी झटकून जागेवर ठेवली आणि गेली.